सिझर सरकारीत किती, खाजगीत किती? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वाचकांकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. वेगळं सांगितलं नसेल तिथे आकडे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीतले, म्हणजे २०१९-२१ चे आहेत. दिवस भरत आले असतील आणि रक्त जात असेल, पाणी गेलं असेल किंवा बाळाची हालचाल मंदावली असेल, तर हे वाचत बसू नका. १०८ ला फोन करा आणि निघा.

१. "सिझरचं प्रमाण २१ टक्के" म्हणजे नक्की कशातले २१?

देशात झालेल्या सगळ्या बाळंतपणांतले. यात घरी झालेलीही आली. एखादा दवाखाना मात्र आपलं प्रमाण सांगतो ते त्याच्याकडच्या बाळंतपणांतलं. हे दोन आकडे शेजारी ठेवून तुलना करायला गेलात की घोटाळा होतो. कसा, ते प्रश्न ३ मध्ये आहे.

२. सरकारी आणि खाजगीत खरंच एवढा फरक आहे का, की नुसती ओरड?

फरक खरा आहे. खाजगी दवाखान्यात झालेल्या १०० बाळंतपणांपैकी ४७.४ सिझर, सरकारीत १४.३. म्हणजे तिपटीहून जास्त. आधीच्या फेरीत (२०१५-१६) हेच आकडे ४०.९ आणि ११.९ होते. दोन्हीकडे चढच आहे, पण खाजगीतली चढण उभी आहे. देशाचा एकूण आकडा २००५-०६ मध्ये ८.५ टक्के होता, २०१५-१६ मध्ये १७.२ झाला आणि आता २१.५ आहे. शहरात ३२.३, गावाकडे १७.६.

३. सरकारीत १४ आणि खाजगीत ४७, तर एकूण २१ कसे? सरासरी तर ३० च्या वर यायला हवी ना?

हा प्रश्न इतक्या जणांनी पाठवला की गणित मांडूनच दाखवतो. देशात १०० बाळंतपणं झाली असं धरा. त्यातली सुमारे ६२ सरकारी दवाखान्यात, २७ च्या आसपास खाजगीत आणि ११ च्या आसपास घरी होतात. ६२ चे १४.३ टक्के म्हणजे जवळपास ९. २७ चे ४७.४ टक्के म्हणजे जवळपास १३. घरी शून्य. बेरीज २१-२२. सरासरी काढताना दोन्हीकडच्या बायकांची संख्या धरायची असते, नुसते दोन टक्के मिळवून दोनने भागायचं नसतं.

याच गणितातून आणखी एक गोष्ट बाहेर पडते, आणि बातम्यांत ती सहसा येत नाही. देशातल्या दर १० सिझरपैकी जवळजवळ ६ खाजगीत होतात, पण बाळंतपणं तिथे चौथ्या हिश्श्याहून जरा जास्त, एवढीच.

४. महाराष्ट्रात काय परिस्थिती आहे? आणि गोव्यात?

महाराष्ट्रात २५.४ टक्के. त्याआधीच्या फेरीत २०.१ होते. गोव्यात ३९.५. देशाच्या सरासरीपेक्षा दोन्ही वर आहेत, पण तेलंगणाच्या जवळपासही नाहीत. तिथे १०० पैकी ६०.७ बाळंतपणं सिझरने होतात, खाजगीत तर ८१.५.

"सरकारीत गेलं की नॉर्मलच होणार" असं मानणाऱ्यांनी तेलंगणाचा दुसरा आकडाही बघावा. तिथल्या सरकारी दवाखान्यांत ४४.५ टक्के सिझर होतात, म्हणजे देशातल्या खाजगी दवाखान्यांच्या जवळ जाणारं प्रमाण. पश्चिम बंगालमध्ये उलट चित्र आहे: खाजगीत ८२.७, सरकारीत २२.९. बिहारमध्ये खाजगीत ३९.६ आणि सरकारीत फक्त ३.६. पाटी सरकारी आहे की खाजगी, एवढ्यावरून अंदाज बांधता येत नाही तो यामुळेच. (बिहारच्या ३.६ चा अर्थ प्रश्न ७ मध्ये.)

५. १०-१५ टक्क्यांच्या वर गेलं की ते चूकच, असं जागतिक आरोग्य संघटना म्हणते ना?

म्हणत होती. १९८५ मध्ये ब्राझीलमधल्या फोर्तालेझा शहरात झालेल्या बैठकीत १० ते १५ टक्क्यांचा आकडा ठरला आणि पुढची ३० वर्षं तो सगळ्यांच्या तोंडी राहिला. २०१५ मध्ये संघटनेने भूमिका नव्याने मांडली. एखाद्या लोकसंख्येत सिझरचं प्रमाण १० टक्क्यांपर्यंत वाढतं तसे माता आणि अर्भकांचे मृत्यू कमी होतात. १० च्या पुढे गेल्यावर मृत्यू आणखी कमी झाल्याचं दिसत नाही. त्याच निवेदनात हेही म्हटलं आहे की ठरावीक टक्केवारी गाठण्याच्या मागे न लागता, ज्या बाईला गरज आहे तिला सिझर मिळेल हे बघा.

हा आकडा संपूर्ण राज्यासाठी किंवा देशासाठी आहे, एका दवाखान्यासाठी नाही. ज्या मोठ्या रुग्णालयात चार तालुक्यांतल्या अडलेल्या बायका येतात, तिथे ४० टक्के असणं रास्त असू शकतं. जिथे फक्त निरोगी, तरुण, पहिलटकरणी येतात तिथे मात्र ४० टक्के दिसले तर विचारायलाच हवं.

६. खाजगी डॉक्टर पैशांसाठीच सिझर करतात, हे खरं का?

पैसा हे एक कारण आहे, नाकारण्यात अर्थ नाही. सिझरचं पॅकेज नॉर्मलपेक्षा बरंच जास्त असतं, त्यात थिएटर, भूल, औषधं आणि जादा दिवसांची खोली येते. पण माझ्या मते पैशापेक्षा घड्याळ मोठं आहे.

तालुक्याच्या गावातला वीस खाटांचा दवाखाना डोळ्यांपुढे आणा. स्त्रीरोगतज्ज्ञ एकच, बहुधा मालकही तीच. पहिलटकरणीच्या कळा बारा-अठरा तास चालू शकतात. तेवढा वेळ सकाळची ओपीडी, दुपारची ऑपरेशनं आणि रात्रीची झोप सांभाळून तिला त्या बाईकडे लक्ष ठेवायचं आहे. भूलतज्ज्ञ दवाखान्यात नाहीत, ते चार ठिकाणी फिरतात आणि रात्री दोन वाजता बोलावलं तर पोचायला पाऊण तास लागतो. अशा वेळी संध्याकाळी सातला बाळाचे ठोके जरा खाली-वर झाले की "थांबून बघू" म्हणायची जोखीम कोण घेईल? पुढे काही बिघडलं तर नातेवाईक तोडफोड करतील आणि कोर्टात "सिझर का केलं नाही" हेच विचारलं जाईल. "सिझर का केलं" असं विचारल्याची उदाहरणं विरळा.

सरकारी मोठ्या रुग्णालयात डॉक्टर पाळीने येतात. एकीची ड्यूटी संपली की दुसरी येते, बाळंतपण कोणाच्या झोपेवर अवलंबून नसतं. ब्राझीलमध्येही खाजगीत ८० टक्क्यांहून जास्त सिझर होतात, आणि तिथेही "आपलाच डॉक्टर आपलं बाळंतपण करणार" ही पद्धत त्याच्या मुळाशी आहे. बाळंतपण प्रशिक्षित मिडवाइफने (बाळंतपणाचं खास शिक्षण घेतलेल्या परिचारिकेने) सांभाळायचं आणि अडलं तरच डॉक्टरला बोलवायचं, ही व्यवस्था आपल्याकडे आता कुठे रुजू लागली आहे. तेलंगणाने तिचं प्रशिक्षण लवकर सुरू केलं.

आणखी एक बाब: दोन्हीकडे येणाऱ्या बायका सारख्या नसतात. खाजगीत वयाने मोठ्या, आयव्हीएफने दिवस गेलेल्या, आधी सिझर झालेल्या बायकांचं प्रमाण जास्त. त्याने फरकाचा काही भाग समजतो, सगळा नाही.

७. मग सरकारीत प्रमाण कमी, म्हणजे तिथे चांगलं काम होतं असं म्हणायचं का?

नेहमीच नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रात ऑपरेशन थिएटर नसतं, भूलतज्ज्ञ नसतो, रक्तपेढी नसते. तिथे सिझर होतच नाही, त्यामुळे तिथलं शून्य हे कर्तबगारीचं शून्य नव्हे. अडलेली बाई तिथून ग्रामीण रुग्णालयात जाते. तिथे स्त्रीरोगतज्ज्ञ असेल पण भूलतज्ज्ञाची जागा रिकामी असेल, तर ती जिल्ह्याला जाते. सिझर जिथे होतं तिथे मोजलं जातं. म्हणून जिल्हा रुग्णालयाचा आणि वैद्यकीय महाविद्यालयाचा आकडा फुगलेला दिसतो आणि खालच्या केंद्रांचा आकडा देखणा.

बिहारच्या सरकारी दवाखान्यांतले ३.६ टक्के या नजरेने पाहा. वर म्हटल्याप्रमाणे १० टक्क्यांपर्यंत सिझर वाढलं की जीव वाचतात. ज्या यंत्रणेत राज्यातली बहुसंख्य बाळंतपणं होतात तिथे ३.६ असणं म्हणजे गरज असूनही सिझर न मिळालेल्या बायका आहेत. त्यांतल्या काही उधारउसनवारी करून खाजगीत गेल्या, काही पोचल्याच नाहीत. एकाच राज्यात, कधी एकाच जिल्ह्यात, नको तिथे सिझर आणि हवं तिथे नाही, असं दोन्ही चालू असतं. फक्त "प्रमाण कमी करा" ही मागणी मला अपुरी वाटते ती म्हणून.

आपल्याकडे दुर्गम आदिवासी भागात "माहेरघर" योजना आहे. तारीख जवळ आली की गरोदर बाईने आरोग्य केंद्राशेजारी येऊन राहायचं. पावसाळ्यात नाला भरला आणि गाडी अडकली म्हणून उशीर झाला, हे टाळण्यासाठी.

८. सरकारीत सिझर खरंच फुकट असतं का? आम्हाला बाहेरून औषधं आणायला लावली.

फुकटच असायला हवं. १ जून २०११ पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम लागू आहे. सरकारी दवाखान्यात नॉर्मल असो वा सिझर, औषधं, तपासण्या, रक्त, जेवण (नॉर्मलला ३ दिवस, सिझरला ७ दिवसांपर्यंत), घरून नेणं, दुसऱ्या दवाखान्यात हलवणं आणि परत घरी सोडणं, सगळं मोफत. उत्पन्नाची अट नाही. रेशनकार्ड केशरी आहे की पांढरं याने फरक पडत नाही. आजारी नवजात बाळाचे उपचारही यातच येतात. गाडीसाठी १०२.

बाहेरून आणायला सांगितलं तर चिठ्ठी मागा, पावती जपून ठेवा आणि वैद्यकीय अधीक्षकांकडे लेखी द्या. त्यांच्यावर जिल्हा शल्यचिकित्सक असतात. वॉर्डात मामा-मावशींशी भांडून काही हाती लागत नाही, लेखी अर्जाची दखल मात्र घ्यावी लागते.

९. आम्ही ज्या दवाखान्यात नाव नोंदवलंय तिथलं प्रमाण कसं कळेल?

विचारून. २०१७ मध्ये केंद्र सरकारच्या आरोग्य योजनेच्या यादीवरील दवाखान्यांना नॉर्मल आणि सिझरचे आकडे दर्शनी भागात लावायला सांगितलं होतं. बाकीच्यांकडे बोर्ड दिसेलच असं नाही.

पण विचारताना "तुमच्याकडे सिझर किती टक्के?" असं विचारू नका. उत्तर येईल "आमच्याकडे अवघड केसेस येतात", आणि ते खरंही असू शकेल. असं विचारा: "पहिलंच बाळंतपण, एकच बाळ, डोकं खाली, दिवस पूर्ण भरलेले, अशांपैकी किती जणींचं सिझर होतं?" मायकेल रॉबसन या डॉक्टरांनी २००१ मध्ये बाळंतिणींची दहा गटांत विभागणी सुचवली. जागतिक आरोग्य संघटना आता तीच वापरायला सांगते. वरचा प्रश्न त्यातल्या पहिल्या दोन गटांचा आहे. दवाखान्याचा कल इथेच उघड होतो, कारण "अवघड केसेस"ची सबब इथे चालत नाही. शिवाय पहिल्या वेळी काय होतं यावर पुढची बाळंतपणं ठरतात (प्रश्न ११).

आकडा हातात नसलेले पण प्रश्न नीट ऐकून घेणारे डॉक्टर मिळाले तरी बरंच काम झालं. प्रश्न ऐकूनच चिडणारे डॉक्टर असतील तर सातव्या महिन्यात दवाखाना बदलता येतो, नवव्यात अवघड जातं. कळांच्या वेळी सोबत बाई राहू देतात का, हेही विचारून घ्या. सोबत सतत कोणी असेल तर सिझरचं प्रमाण घटतं, हे अभ्यासांत दिसलं आहे. सरकारी दवाखान्यांत अशा सोबतीला केंद्राने २०१६ पासून परवानगी दिली आहे.

१०. "नाळ गुंडाळलीय", "पाणी कमी आहे", "बाळ मोठं आहे" असं सांगून सिझर ठरवलं. ही कारणं खरी असतात का?

काही कारणांत वाद नाही. वार (बाळाला पोसणारा, नाळेला जोडलेला अवयव) गर्भपिशवीच्या तोंडावर आलेली, बाळ आडवं, नाळ बाळाच्या आधी बाहेर आलेली, ठोके घसरून वर न येणं, बाळ अडकून बसणं. इथे सिझर म्हणजे जीव वाचवणं.

बाकीची कारणं तपशील विचारल्याशिवाय मान्य करू नयेत. नाळेचा वेढा साधारण चारातल्या एका बाळाच्या मानेभोवती असतो आणि बहुतेक बाळं तशीच सुखरूप जन्मतात. नुसत्या सोनोग्राफीतल्या वेढ्यावरून सिझर ठरत नाही. "पाणी कमी" म्हणजे किती, ते रिपोर्टवर आकड्यात लिहिलेलं असतं. पाणी खरंच कमी असलं आणि बाळाचे ठोके चांगले असले, तर अनेकदा कळा सुरू करून बघता येतं. "बाळ मोठं": सोनोग्राफीतलं वजन १०-१५ टक्के इकडे-तिकडे होऊ शकतं. ३.६ किलो सांगितलेलं बाळ ३.२ चं निघालेलं घराघरात ऐकायला मिळतं. "बाळाने पोटात शी केली" हे ऐकून सगळे घाबरतात, पण ठोके ठीक असतील तर तेवढ्यावर लगेच थिएटरमध्ये न्यावं लागतं असं नाही. "तोंड उघडत नाही", म्हणजे गर्भपिशवीचं, हे तर सर्वांत जास्त ऐकू येणारं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या मार्गदर्शनानुसार खऱ्या जोराच्या कळांचा टप्पा ५ सेंटिमीटरपासून धरतात आणि तासाला १ सेंटिमीटर उघडलंच पाहिजे ही जुनी अपेक्षा आता सोडून दिलेली आहे. ३ सेंटिमीटरवर चार तास गेले म्हणजे बाळंतपण अडलं असं होत नाही.

त्या घाईत एवढं विचारा: "आत्ता लगेच करायचं आहे, की दोन तास थांबून बघता येईल?" उत्तर "लगेच" असं आलं तर हुज्जत घालू नका. "संध्याकाळपर्यंत करू या" असं आलं, तर बोलायला वेळ आहे.

११. पहिलं सिझर झालंय. आता दुसरंही सिझरच का?

नाही. एकदा सिझर झालेल्या आणि योग्य निवड केलेल्या बायकांपैकी ६० ते ८० टक्के जणींचं पुढचं बाळंतपण नॉर्मल होऊ शकतं. धोका एक आहे: कळांच्या वेळी जुन्या टाक्यावर गर्भपिशवी फाटणं, साधारण २०० त एक. म्हणून हा प्रयत्न २४ तास थिएटर, भूलतज्ज्ञ आणि रक्त हाताशी असेल तिथेच करायचा. लहान खाजगी दवाखाने नाही म्हणतात तेव्हा ते प्रामाणिकपणे म्हणत असतात. मोठ्या सरकारी किंवा धर्मादाय रुग्णालयात विचारा.

पोटावरचा टाका आडवा आहे म्हणून आतला छेदही आडवाच असेल असं समजू नका. आतला छेद उभा असेल तर नॉर्मलचा प्रयत्न करत नाहीत. हे फक्त जुन्या डिस्चार्ज कार्डावर किंवा ऑपरेशनच्या नोंदीत सापडतं. म्हणून पहिल्या सिझरचे कागद माळ्यावर टाकू नका.

सिझर वाढत जातात तशी वार पिशवीत रुतून बसण्याची शक्यता वाढते. आधी एक सिझर आणि या वेळी वार खाली, अशा १०० पैकी सुमारे ११ जणींत ती रुतलेली निघते. आधी दोन सिझर असतील तर सुमारे ४०. अशा बाईचं बाळंतपण मोठ्या रुग्णालयातच व्हायला हवं.

१२. जुळं आहे / बाळ पायाळू आहे. आता पर्यायच नाही ना?

पायाळू बाळाला ३६-३७ व्या आठवड्यात बाहेरून हाताने फिरवून डोकं खाली आणता येतं. हे करणारे डॉक्टर कमी, पण आहेत. तरीही पायाळूच राहिलं तर आपल्याकडे बहुतेक ठिकाणी सिझरच करतात. जुळ्यात पहिल्या बाळाचं डोकं खाली असेल तर नॉर्मलचा विचार होऊ शकतो.

१३. सासरच्यांना मुहूर्तावर सिझर हवंय. दोन आठवडे आधी केलं तर काय बिघडतं?

बाळाचा श्वास. वैद्यकीय कारण नसताना ३९ आठवड्यांच्या आधी सिझर केलेल्या बाळांना श्वासाचा त्रास आणि काचेच्या पेटीत ठेवण्याची वेळ जास्त येते. मुहूर्त काढायचाच असेल तर ३९ पूर्ण झाल्यानंतरचा काढायला सांगा. गुरुजी तेवढं करतात.

१४. मला कळा सहन होणार नाहीत, मलाच सिझर हवंय. यात चूक काय?

चूक काही नाही, मात्र आधी मणक्यातून दिली जाणारी वेदनामुक्त प्रसूतीची सोय आहे का ते विचारा. तिने सिझरची शक्यता वाढत नाही. सरकारीत ती क्वचित मिळते. ही माझी जुनी तक्रार आहे: कळांवर औषध द्यायचं नाही, आणि मग बायका सिझर मागतात म्हणून त्यांनाच नावं ठेवायची. किती मुलं हवी आहेत हेही मनात ठेवा (प्रश्न ११).

१५. संमतीपत्रावर सही नवऱ्याची लागते की माझी?

तुमची. सज्ञान आणि शुद्धीवर असलेल्या बाईची स्वतःची संमती लागते, नातेवाइकाची सही सोबत घेतात ती साक्षीदार म्हणून. सर्वोच्च न्यायालयाच्या २००८ च्या एका निकालानुसार एका ऑपरेशनची संमती दुसऱ्या ऑपरेशनला चालत नाही. सिझरच्या वेळीच नसबंदी करायची किंवा तांबी बसवायची असेल तर त्याची संमती वेगळी. कळांच्या भरात पुढे केलेल्या कोऱ्या फॉर्मवर सही करू नका, आठव्या-नवव्या महिन्यातच फॉर्म मागून वाचून ठेवा.

१६. माझं सिझर विनाकारण केलं असं वाटतं. आता काय करता येईल?

आधी कागद. नोंदी मागितल्यावर ७२ तासांत त्या देणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे, आणि त्या ३ वर्षं जपाव्या लागतात. नुसतं डिस्चार्ज कार्ड नको. केसपेपर, कळांचा तक्ता, ठोक्यांच्या पट्ट्या आणि ऑपरेशनची नोंद मागा. ते घेऊन दुसऱ्या, शक्यतो दुसऱ्या गावातल्या, स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा. अनेकदा कारण खरं निघतं, फक्त ते त्या वेळी कोणी समजावून सांगितलेलं नसतं.

कारण सापडलं नाही तर महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे किंवा ग्राहक आयोगाकडे जाता येतं. ग्राहक आयोगाकडे २ वर्षांच्या आत जावं लागतं. दरपत्रक किंवा रुग्णहक्कांची सनद न लावल्याची तक्रार दवाखान्याची नोंदणी करणाऱ्या अधिकाऱ्याकडे करायची: शहरात महापालिकेचा आरोग्य विभाग, बाहेर जिल्हा शल्यचिकित्सक. ज्या सरकारी दवाखान्यात सगळ्यांनाच सगळं मोफत असतं, तिथल्या तक्रारी सर्वोच्च न्यायालयाच्या १९९५ च्या निकालामुळे ग्राहक आयोगात चालत नाहीत. त्यासाठी वैद्यक परिषद किंवा दिवाणी न्यायालय.